३८ घरांच्या पाड्याला वीज: लाईनची वाट पाहावी की सोलर घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातला डोंगरातला पाडा, ३८ घरं. त्यातली २४ एकाच ठिकाणी लागून, बाकी १४ टेकड्यांवर विखुरलेली. सर्वांत जवळची ११ केव्हीची लाईन तीन किलोमीटरवर आहे आणि मधली जमीन वनखात्याची. काही वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून घरोघरी सौर संच बसले, त्यातले बहुतेक आज बंद आहेत. ग्रामसभेत दोन मतं पडली आहेत. काहींना सोलर पुन्हा नकोच, लाईनच हवी. काहींचं म्हणणं, लाईन कधी येईल सांगता येत नाही, तोवर मुलांनी अंधारात का बसावं?

माझं मत असं की लाईनचा अर्ज आणि सोलरची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच ग्रामसभेत मंजूर करा. त्यांचा एकमेकींशी विरोध नाही. पण नवीन काही मागण्याआधी छपरावरचे बंद संच तपासून घ्या. पॅनल वीस-पंचवीस वर्षं चालतं. बॅटरी चार-पाच वर्षांत संपते. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य या घरोघरी वीज देण्याच्या केंद्राच्या योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचं पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी सॉकेट आणि पाच वर्षांची देखभाल असा संच होता. म्हणजे ज्या सुमारास ठेकेदाराची जबाबदारी संपते, त्याच सुमारास बॅटरीही संपते. सहाव्या वर्षी संच बंद पडला यात पॅनलचा दोष नसतो. नव्या बॅटरीचे पैसे कोण भरणार हे कुणी ठरवलेलं नसतं, तिथे घोडं अडतं.

तपासणीला एक डिजिटल मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी), स्क्रू-ड्रायव्हर, पॅनलवर टाकायला जाड कापड आणि वही पुरते. दुपारी बारा ते दोनच्या उन्हात सुरुवात करा. पॅनलची वायर कंट्रोलरपासून, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्यापासून, सोडवा आणि दोन टोकांमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. ३६ सेलच्या पॅनलला २० ते २२ व्होल्ट यायला हवेत, ७२ सेलच्या पॅनलला ४० च्या वर. व्होल्टेज शून्य असेल तर पॅनल मेलं म्हणून उतरवू नका. बहुतेक वेळा जोड सुटलेला असतो, एमसी-फोर कनेक्टरमध्ये (पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी गेलेलं असतं किंवा उंदरांनी वायर कुरतडलेली असते. व्होल्टेज बरोबर आलं तर करंट मोजा. मीटरचा दहा अँपिअरचा पॉइंट वापरा आणि एका वेळी एकच १०० वॅटचं पॅनल जोडा. मोठ्या पॅनलचा करंट दहाच्या वर जातो आणि मीटरचा फ्यूज उडतो, तिथे डीसी क्लॅम्प मीटर लागतो. कडक उन्हात १०० वॅटचं पॅनल पाच-सहा अँपिअर देतं. दोन-अडीचच मिळत असतील तर आधी काच धुऊन पुन्हा मोजा, मग सावली पाहा. संच बसवताना हातभर असलेलं आंब्याचं किंवा सागाचं झाड आता पॅनलच्या वर गेलेलं असतं. सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली सावली सगळ्या पॅनलचा करंट खाली आणते. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, आडव्या पातळीपासून वीस-बावीस अंश कललेलं असावं. या पट्ट्यात तेवढा कल पुरतो आणि पावसाने काच आपोआप धुतली जाते.

मग बॅटरी. ती सगळ्या जोडण्यांपासून सोडवून दोन तास तशीच ठेवा, नंतर मोजा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर साधारण १२.७ व्होल्ट, निम्मी असेल तर १२.२, आणि ११.८ म्हणजे रिकामी. दिवसभर ऊन खाऊनही संध्याकाळी १२.२ च्या वर जात नसेल तर हायड्रोमीटर लावा. ट्युब्युलर बॅटरीच्या प्रत्येक सेलमधल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता) पूर्ण चार्जला १२४० च्या आसपास यायला हवी. सहापैकी पाच सेल १२०० दाखवतात आणि एक ११२० दाखवतो, तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही गेली. सगळे सेल सारखेच खाली असतील तर आशा आहे. प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला आणि गावातल्या चांगल्या चार्जरवर हळू चार्जिंग करून बघा. शेवटी लोड लावून पाहा. गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडा. दहा मिनिटांत व्होल्टेज १०.५ च्या खाली कोसळलं तर त्या बॅटरीवर पुढे खर्च करू नका. ती अधिकृत विक्रेत्याकडे जुन्या बॅटरीच्या बदल्यात द्या, शिशाची किंमत मिळते. घरी फोडू नका. आतलं ॲसिड आणि शिसं दोन्ही मुलांच्या अंगाला घातक आहे.

संच लिथियमचा असेल तर रीडिंगचा अर्थ वेगळा लागतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ९० टक्के भरलेली असली आणि ४० टक्के भरलेली असली, तरी व्होल्टेज जवळपास १३.१ ते १३.३ च राहतं. त्यामुळे व्होल्टेजवरून तिचा अंदाज घेता येत नाही. मीटरवर शून्य आलं तर घाबरू नका. आतल्या संरक्षक सर्किटने बॅटरी तोडून ठेवलेली असते. योग्य चार्जरला जोडली की ती बहुधा जागी होते. आणि लेड-ॲसिड काढून लिथियम बसवणार असाल तर कंट्रोलरची सेटिंग बदलल्याशिवाय बसवू नका. तिला १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंत चार्जिंग हवं, लेड-ॲसिडसाठी असतं ते जास्त व्होल्टेजचं इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे करायला दिलेलं जादा चार्जिंग) नको. जुन्या कंट्रोलरमध्ये लिथियमची सेटिंगच नसेल तर कंट्रोलरही बदलावा लागतो. कोटेशनमध्ये हे अनेकदा लिहिलेलं नसतं, विचारून घ्या.

कंट्रोलर तपासताना जोडणीचा क्रम पाळा. आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे. सोडवताना उलट. बॅटरीआधी पॅनल जोडलं तर कंट्रोलरला संच किती व्होल्टचा हे कळत नाही आणि काही कंट्रोलर तिथेच जळतात. तारा हाताळताना पॅनलवर कापड टाका, म्हणजे ठिणगी पडणार नाही.

पाड्यांवरच्या बंद संचांत सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे कंट्रोलर काढून ‘डायरेक्ट’ केलेली जोडणी. ती का होते हे समजून घ्या, लोकांना नुसतं रागावून उपयोग नाही. जुलैत आठ दिवस ढग राहतात, बॅटरी भरत नाही. कंट्रोलर ११ व्होल्टच्या आसपास दिवे बंद करतो, कारण त्याखाली गेलं की बॅटरी खराब होते. घरातल्यांना मात्र एवढंच दिसतं की बॅटरी आहे आणि दिवा लागत नाही. कुणीतरी वायर थेट जोडून दाखवतो, दिवा लागतो. पुढे रोज रात्री बॅटरी तळापर्यंत रिकामी होते, प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि सहा महिन्यांत पाच वर्षांची बॅटरी संपते. यावर उपाय आहे. पावसाळ्यात कंट्रोलरवरचा लाल दिवा लागला की पंखा आणि टीव्ही बंद ठेवायचे, एकच दिवा लावायचा, हे घरातल्या बाईला आणि मोठ्या मुलांना संच बसवण्याच्या दिवशीच प्रत्यक्ष करून दाखवा. संच मुळात पावसाळ्याच्या हिशोबाने मोठा घ्या.

तो हिशोब करून पाहू. चार दिवे प्रत्येकी ५ वॅट, पाच तास: १०० वॅट-तास. डीसी पंखा १५ वॅट, दहा तास: १५०. दोन मोबाइल: २५ ते ३०. छोटा डीसी टीव्ही २५ वॅट, तीन तास: ७५. एकूण साधारण ३५० वॅट-तास रोज. वायर, बॅटरी, धूळ आणि उष्णता यांत तिसरा हिस्सा जातो असं धरा. एरवी पूर्ण उन्हाचे पाच तास मिळतात, तेव्हा १०० ते ११० वॅटचं पॅनल पुरेल. पण जुलै-ऑगस्टमध्ये सातपुड्यात अडीच तास धरले, तर ३५० भागिले (अडीच गुणिले ०.६५), म्हणजे सुमारे २१५ वॅट लागतात. म्हणून २०० वॅटच्या खाली जाऊ नका. दोन दिवस ढग राहिले तरी चालावं म्हणून बॅटरीत ७०० वॅट-तास वापरण्याजोगे हवेत. लिथियम ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे १२.८ व्होल्ट ७० अँपिअर-तास. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे १२ व्होल्ट १२० अँपिअर-तास. ७५ अँपिअर-तासाची लेड-ॲसिड कुणी ‘पुरते’ म्हणून दिली, तर ती उन्हाळ्यात पुरेल आणि पहिल्याच पावसाळ्यात मरेल.

बारा व्होल्टच्या संचात वायरची जाडी फार महत्त्वाची असते, कारण व्होल्टेज कमी म्हणून करंट जास्त. २०० वॅटच्या पॅनलपासून दहा मीटरवर कंट्रोलर असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर तार होते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ११ अँपिअरला साधारण एक व्होल्ट पडतो, ते चालतं. पैसे वाचवायला १.५ ची वायर घेतली तर जवळपास तीन व्होल्ट वायरीतच जातात आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. पॅनलकडची वायर उन्हापावसात टिकणारी सोलर केबलच घ्या. घरातली साधी वायर छपरावर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते.

आता दुरुस्तीची व्यवस्था. सगळं इथेच ठरतं, म्हणून ग्रामसभेचा सर्वांत जास्त वेळ यावर द्या. पाड्यातले दोन जण निवडा, त्यातली एक बाई असावी. तरुण मुलगे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातमध्ये जातात, मग ऐन हंगामात मल्टिमीटर धरणारं कुणी उरत नाही. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने शाळेत न गेलेल्या बायकांना सोलरची दुरुस्ती शिकवून दाखवली आहे, तेव्हा शिक्षणाची अट घालू नका. या दोघांना महिन्याचं ठरावीक मानधन द्या. फुकट काम वर्षभरही चालत नाही.

घरटी वर्गणी किती? सूत्र सोपं आहे: बॅटरीची किंमत भागिले तिच्या आयुष्याचे महिने, अधिक मानधन, अधिक सुटे भाग. बॅटरी १२ हजारांची आणि पाच वर्षांची धरली तर महिन्याला २०० रुपये. दोघांचं मिळून मानधन १९०० धरलं तर ३८ घरांत ५० रुपये. भागांसाठी १५-२०. म्हणजे २७० च्या आसपास. हा आकडा ऐकून सभेत शांतता पसरेल. तरी तो आजच सांगा. पन्नास रुपये वर्गणी ठरवून सुरुवात केली तर पाच वर्षांनी पुन्हा याच जागी याल. महिन्याला देणं जमत नसेल तर पिकाच्या आणि मजुरीच्या वेळा पाहून वर्षातून दोन हप्ते ठेवा. दिवाळीनंतर ज्वारी-मका निघाल्यावर एक आणि होळीला मजूर परत येतात तेव्हा एक. पैसे बँकेत, दोन सह्यांनी, आणि बॅटरीचा निधी वेगळ्या खात्यात. तो लग्नाला, दवाखान्याला, कशालाही उचल म्हणून द्यायचा नाही असा ठराव लिहून घ्या. बॅटरीची किंमत निम्मी सरकारी निधीतून येत असेल तर वर्गणी त्या प्रमाणात उतरवा, पण शून्यावर आणू नका.

सुट्या भागांची पेटी मे महिन्यातच भरून ठेवा. पावसात दरड पडली की घाट बंद होतो. ३८ संचांना चार कंट्रोलर, १२ व्होल्टचे वीस एलईडी दिवे, दहा जोड्या एमसी-फोर कनेक्टर आणि ते दाबायचा क्रिम्पर, १० आणि १५ अँपिअरचे फ्यूज, पन्नास मीटर ४ चौरस मिलिमीटरची केबल, लेड-ॲसिड असतील तर दहा लिटर डिस्टिल्ड वॉटर आणि टर्मिनलला लावायला पेट्रोलियम जेली. १२ व्होल्टचा दिवा आठवडी बाजारात मिळत नाही, २३० व्होल्टचा मिळतो. एवढ्याशा कारणानेही घरं अंधारात राहिली आहेत. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नये, हे तर शंभरदा सांगावं लागतं. शॉर्ट झालं तर बॅटरीचा शेकडो अँपिअर करंट त्या तारेतून जातो, आणि वर गवताचं छप्पर असतं.

स्थलांतराला जाताना लोक पॅनल चोरीच्या भीतीने उतरवून घरात ठेवतात. लेड-ॲसिड बॅटरी चार महिने चार्जिंगशिवाय पडून राहिली तर आपोआप उतरते आणि सल्फेट धरते. पॅनल आणि कंट्रोलर चालू ठेवून फक्त दिव्यांचा स्विच बंद करायचा, आणि जमलं तर शेजाऱ्याला महिन्यातून एकदा पाणी पाहायला सांगायचं. चोरीची भीती खरीच असेल तर बॅटरी मागे राहणाऱ्या घरी नेऊन तिथे चार्जिंगवर ठेवा.

२४ घरांच्या वस्तीसाठी स्वतंत्र संचांऐवजी एकच छोटं सौर केंद्र आणि तारेने वाटप, म्हणजे मायक्रोग्रिड, घ्यावं का? पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचं असं केंद्र सुमारे ४० घरांसाठी उभं राहिलं. घरोघरी मीटर लावले, वसुली गावाच्या न्यासाकडे दिली. तंत्र पूर्ण जमण्यासारखं आहे. माझी अट एकच: दिवसा चालणारं कमाईचं किंवा कष्ट वाचवणारं काम त्यावर असेल तरच घ्या. नुसत्या दिव्यांसाठी मायक्रोग्रिड महाग पडतं आणि एक इन्व्हर्टर बंद पडला की चोवीसच्या चोवीस घरं एकदम अंधारात जातात.

तुमच्याकडे असं काम आहे, पिठाची गिरणी. दळणासाठी बायका डोक्यावर पायली घेऊन घाट उतरतात. गिरणी धरून गणित करा. २४ घरं रोज अर्धा युनिट: १२. एक एचपीची गिरणी तीन तास: ३. शाळा, अंगणवाडी, रस्त्याचे दिवे: १. एकूण १६ युनिट. यासाठी ८ किलोवॅट पॅनल, ५१.२ व्होल्ट ५०० अँपिअर-तास लिथियम बॅटरी, म्हणजे सुमारे २५ युनिट साठा. गिरणी फक्त सकाळी दहा ते तीन चालवायची, म्हणजे तिची वीज बॅटरीतून न जाता थेट पॅनलवरून येते.

गिरणीतच सगळ्यात जास्त चुका होतात. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर तीस-चाळीस. पाच केव्हीएचा इन्व्हर्टर त्या धक्क्याने ट्रिप होतो, मग लोक म्हणतात सोलरवर गिरणी चालतच नाही. दहा केव्हीएचा इन्व्हर्टर घेणं हा एक मार्ग. त्याहून चांगला मार्ग असा: थ्री फेज मोटर घ्या आणि तिला सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी ड्राइव्ह लावा. ड्राइव्ह मोटरला हळूहळू वेग देतो, सुरुवातीचा धक्का बसत नाही. ढग आले तर वेग कमी करूनही दळता येतं. दाणे हॉपरमध्ये टाकण्याआधी मोटर पूर्ण वेगात येऊ द्यायची, एवढी शिस्त मात्र लागते.

वाटपासाठी २५ चौरस मिलिमीटरची एबी केबल (आवरण असलेल्या तारा एकत्र वळलेली) घ्या, उघड्या तारा नकोत. ३०० मीटरवर १५ अँपिअर नेले तर त्यात साधारण ११ व्होल्ट पडतात, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. प्रत्येक घराला प्रीपेड मीटर आणि १ किंवा २ अँपिअरचा एमसीबी. कुणी शेगडी किंवा इस्त्री लावली की त्याच घराची वीज जाईल, सगळ्यांची नाही. या तारा, पोल आणि घरातली वायरिंग महावितरणच्या मापानेच करा. उद्या लाईन आली की हेच जाळं वापरता येईल, नाहीतर सगळं उपटून टाकावं लागतं.

विखुरलेल्या १४ घरांना मायक्रोग्रिडमध्ये ओढू नका. तिथे स्वतंत्र संचच बरे.

ओढ्यावरच्या सूक्ष्म जलविद्युतचा विषय निघेल, कारण धडगाव तालुक्यातच बिलगावला लोकांनी श्रमदानाने १५ किलोवॅटचं केंद्र उभं केलं होतं. २००३ मध्ये ते सुरू झालं आणि २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. तुमच्या ओढ्यासाठी मोजमाप असं: सेकंदाला १५ लिटर पाणी आणि २० मीटर उतार असेल तर पावणेदोन किलोवॅट मिळतात. पण पाणी मार्चमध्ये मोजा. बहुतेक ओढे तोवर आटतात, आणि मग हा विषय तिथेच थांबतो.

आता लाईन. तीन किलोमीटरमध्ये वनजमीन आहे म्हणून ‘फॉरेस्टची परवानगी मिळत नाही’ असं उत्तर मिळतं. ते पूर्ण खरं नाही. वन हक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता यांच्याबरोबर वीज आणि दूरसंचार तारांसाठीही वनजमीन वळवता येते. अटी तीन: जागा एका कामासाठी एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. ठरावाच्या सभेला निम्मे सदस्य हजर हवेत. हजेरीच्या सह्या कमी पडल्या म्हणून प्रस्ताव परत येतात, म्हणून सभा शेतीची कामं आणि बाजाराचा दिवस टाळून ठेवा. प्रस्ताव काम करणाऱ्या यंत्रणेकडून, म्हणजे महावितरणकडून, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जातो आणि निर्णय उपवनसंरक्षकांच्या पातळीवर होतो. ते असहमत असतील तर जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

एक हेक्टरचं गणित आधीच करा. ११ केव्ही लाईनसाठी सात मीटर रुंदीचा पट्टा धरतात. दहा हजार चौरस मीटर भागिले सात म्हणजे १,४२८ मीटर. वनजमिनीतून जाणारी लांबी साधारण १,४०० मीटरच्या आत असेल तर प्रस्ताव या कलमात बसतो. तीन किलोमीटरपैकी किती भाग खरोखर वनात आहे आणि किती महसुली जमिनीत, हे नकाशावर काढा. वाट थोडी वळवून, रस्त्याच्या कडेने नेऊन, वनातली लांबी कमी करता येते का ते सहायक अभियंत्यांबरोबर चालत जाऊन पाहा. खर्चात चार पोल वाढले तरी परवानगीची वर्षं वाचतात.

रस्ता नाही तिथे सिमेंटचे पोल पोचत नाहीत. अंदाजपत्रकातच लोखंडी पोल मागा, ते माणसं वाहून नेऊ शकतात. पोलचा सहावा भाग जमिनीत जायला हवा, म्हणजे नऊ मीटरच्या पोलला दीड मीटर खड्डा. काळा दगड लागला की मजूर दोन-अडीच फुटांवर थांबतात, आणि तो पोल पहिल्या वादळात आडवा होतो. खड्डे भरण्याआधी पाड्यातल्या कुणीतरी काठीने खोली मोजावी, एवढं तुमच्या हातात आहे.

डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कुठे बसते यावर आग्रह धरा. ठेकेदाराला ती रस्ता संपतो तिथे सोयीची पडते, तुम्हाला ती वस्तीच्या मध्यात हवी. लघुदाबाच्या साध्या ‘वीझल’ तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम असतो. जाऊन-येऊन दोन तारा म्हणजे १.८. एक किलोमीटरवर २० अँपिअर नेले तर ३६ व्होल्ट तारेतच पडतात आणि शेवटच्या घरात २३० चे १९४ उरतात. नियमानुसार घट सहा टक्के, म्हणजे २१६ च्या खाली जायला नको. दिवा लागेल, पण गिरणीची मोटर गुरगुरत राहील आणि जळेल. ३८ घरं आणि गिरणी मिळून एका वेळी १०-१२ किलोवॅटच्या वर भार जात नाही. २५ केव्हीएची डीपी पुष्कळ झाली, फक्त ती मध्यात हवी आणि विखुरलेल्या घरांकडच्या गाळ्यांची (दोन पोलांमधल्या अंतरांची) लांबी आधी मोजलेली हवी. डीपीचं अर्थिंग दगडात नीट होत नाही. खड्डे मातीच्या जागी, लागलं तर वीस मीटर लांब घेऊन पट्टीने जोडायला सांगा. थ्री फेज डीपीवर न्यूट्रल तुटला आणि अर्थिंगही कच्चं असेल, तर काही घरांत ३०० व्होल्टच्या वर दाब जातो आणि एका रात्रीत सगळे टीव्ही-चार्जर जळतात.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावाच. कुडाच्या भिंती, ओली जमीन, लोखंडी पत्रे: अशा घरात साधा एमसीबी माणसाला वाचवत नाही, आरसीसीबी वाचवतो. वायर पाइपमधून, गवताच्या छपरातून नाही. दिव्यांना १.५, प्लगला २.५ चौरस मिलिमीटर. सर्व्हिस वायर ३० मीटरच्या वर जात असेल तर मध्ये पोल मागा. मीटर बाहेरच्या भिंतीवर बसवून घ्या. कुटुंब मजुरीला गेलं की घर बंद, रीडिंग नाही, सरासरी बिल लागत राहतं, आणि परत येईपर्यंत थकबाकीत कनेक्शन कापलेलं असतं. निघण्याआधी मीटरचा फोटो काढून रीडिंग ॲपवर टाका.

पैशांसाठी सौभाग्यची वाट पाहू नका, ती योजना मार्च २०२२ मध्ये बंद झाली. पीएम-जनमन महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या समाजांसाठी आहे. तुमचा पाडा भिल्ल-पावरा असल्याने त्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२४ चं धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान आदिवासीबहुल गावांसाठी आहे आणि त्यात घरांचं विद्युतीकरण येतं. गावाचं नाव यादीत आहे का ते तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात पाहा. बॅटऱ्या बदलण्याचा एकदाचा खर्च पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्याच्या) पाच टक्के अबंध निधीतून करण्याचा ठराव ग्रामसभा करू शकते. नवीन सौर संच किंवा मायक्रोग्रिडचा प्रस्ताव जिल्हा नियोजनातून आणि महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेमार्फत जातो. कोणत्याही निविदेत तीन गोष्टी लिहून घ्या: देखभाल सुरू होण्याची तारीख प्रत्येक घराच्या पावतीवर, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार, आणि सुट्या भागांची पेटी ठेकेदारानेच पाड्यात ठेवायची.

लाईन आल्यावर सौर संच विकू नका. पावसाळ्यात फांदी पडून ११ केव्हीची लाईन बंद झाली की घाटातल्या जनमित्राला (लाईनमनला) फॉल्ट शोधायला दिवस लागतात, तेव्हा हेच दिवे घर सांभाळतात. डीसी दिव्यांची वायरिंग पूर्ण वेगळी राहू द्या. मायक्रोग्रिडचा किंवा घरचा इन्व्हर्टर आणि महावितरणची वीज एकाच वायरिंगला जोडायची असेल, तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जोडू नका. लाईन बंद असताना इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरीतून उलटे डीपीत गेले की वरच्या बाजूला ११ हजार व्होल्ट तयार होतात, आणि पोलवर चढलेल्या माणसाला ती लाईन बंद आहे असंच सांगितलेलं असतं.